हजार ब्रेक आणि एक भिंत

सासरे परदेशी लेकीकडे राहायला आले की जावयाला दोन काळज्या लागतात. त्यांना थंडी वाजू नये आणि त्यांना कंटाळा येऊ नये. पहिलीवर जाकीट मिळतं. दुसरीवर मला जे मिळालं ते म्हणजे मार्टिन्सव्हिलची मोटार शर्यत.

आमचे अप्पा एसटीच्या कराड डेपोतून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. 2022च्या दिवाळीला ते आमच्याकडे, नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोला आले आणि बघता बघता शेजारच्या म्हाताऱ्याचे जिवलग झाले. अप्पांचं इंग्रजी ‘यस’, ‘नो’ आणि ‘गॅस्केट’ एवढंच. शेजाऱ्याचं इंग्रजी इतकं दक्षिणी हेल काढून, की इतकी वर्षं इथे काढूनही मला त्यातलं निम्मंच कळतं. पण मधे उघडं बॉनेट असलं की या दोघांना दुभाष्या लागत नाही. शेजाऱ्यानं रविवारच्या शर्यतीचं बोलावणं केलं ते अप्पांना. मी शेपूट. ‘बाबांना एकटं कसं पाठवायचं?’ हे बायकोचं म्हणणं, आणि गाड्यांतलं मला हवा कुठून भरतात एवढंच कळतं हे माझं. म्हणणं कुणाचं चाललं ते सांगत नाही.

मार्टिन्सव्हिल आमच्यापासून उत्तरेला तासाभरावर, व्हर्जिनियात. नॅसकार म्हणजे रस्त्यावरच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या, म्हणजे स्टॉक कारच्या, शर्यती भरवणारी अमेरिकी संस्था. तिच्या सर्वात वरच्या मालिकेतला हा सर्वात छोटा ट्रॅक, एक फेरी 0.526 मैलाची. 1947 साली बांधला तेव्हा नॅसकार ही संस्थाच जन्माला आली नव्हती. दोन लांबट सरळ रस्ते आणि टोकांना दोन आवळलेली वळणं. लोक त्याला पेपरक्लिपच म्हणतात. या अर्ध्या मैलात पस्तीस-छत्तीस गाड्या सोडतात आणि 500 फेऱ्या मारायला लावतात. फेरी साधारण वीस सेकंदांची. म्हणजे मान डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे, असं साडेतीन तास. माझा मानेचा पट्टा मी त्याच वर्षी काढला होता.

आवाजाबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. कानात बोळे, त्यावर हेडफोन, आणि हेडफोनमध्ये ड्रायव्हर आपल्या माणसांशी काय बोलतो ते ऐकू येतं. शेजाऱ्यानं आमच्यासाठी तेही भाड्यानं आणलं होतं. ड्रायव्हर बहुतेक वेळ एकच सांगत होता, की गाडी वळत नाही. वळत नसेल तर माणूस साडेतीन तास गोल कसा फिरतो, हे मी विचारलं नाही.

माझं खरं दुखणं म्हणजे पुढे कोण आहे हेच कळेना. ट्रॅक इतका छोटा, की पहिला थोड्याच वेळात शेवटच्याला गाठतो. मग जो सर्वात पुढे दिसतो तो सर्वात मागे असतो, आणि जो मागून धक्के देतोय तो जिंकत असतो. बरं, धक्के देणं इथे गुन्हा नाही. समोरचा वळणावर जागा देत नसेल तर त्याच्या मागच्या बंपरला आपलं नाक लावून त्याला बाजूला सारायचं, ही रीतच आहे. कुणी फारच गिरकी खाल्ली की पिवळा झेंडा, सगळ्या गाड्या हळू, मग पुन्हा तोच खेळ. मागच्या सरळ रस्त्यापलीकडे रेल्वेचा रूळ आहे. त्यावरून मालगाडी गेली. पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं हे मला खात्रीनं कळलेलं, दिवसभरातलं ते एकच वाहन.

अप्पा मात्र रंगले होते. पहिल्या दहा मिनिटांतच त्यांनी माझा हेडफोन वर उचलून कानात ओरडून सांगितलं, ‘‘जावईबापू, हा इंजिनाचा खेळच नव्हं. ब्रेकचा हाय!’’ आणि हिशेब मांडला. फेरीला दोन टोकं, टोकाला एकदा करकचून ब्रेक, 500 फेऱ्या, म्हणजे हजार ब्रेक. ‘‘आमची गाडी कुंभार्ली घाट उतरून आली तरी लायनरचा वास यायचा. हितं बघा, ड्रायव्हर पेडल जपून वापरतोय. शेवटाला ज्याचा ब्रेक उरंल तो पुढं.’’ शेजाऱ्यानं अंगठा वर केला. त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्यानंतर तोही मला हेच सांगू लागला, दुसऱ्या कानात. वळणावर डांबर नसून काँक्रीट आहे हेही अप्पांनीच हेरलं. गाड्यांनी वळणावरचं डांबर उखडायला सुरुवात केली म्हणून सत्तरच्या दशकात तिथे काँक्रीट घातलं, असं शेजारी म्हणाला. अप्पांनी ‘मी सांगितलं नव्हतं?’ अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

खाण्याचं सांगतो. इथला हॉट डॉग प्रसिद्ध. तेव्हा दोन डॉलरला मिळत होता, सॉसेज भडक गुलाबी, वर मोहरीचा सॉस, चिली म्हणजे मसालेदार खिमा, कांदा आणि कोबीची कोशिंबीर. शेजाऱ्यानं चार खाल्ले. अप्पांचा कार्तिक चालू. आमच्या पिशवीत फराळ होता. इथे घरचं खाणं आत न्यायला कुणी अडवत नाही. आम्ही बसलो होतो खालच्या रांगेत, आणि गाड्या वळणावरून सुटल्या की टायरच्या रबराचे बारीक काळे कण वर उडून अंगावर येतात. चिवड्याचा डबा उघडला, चार फेऱ्या झाल्या, आणि फोडणीतली मोहरी कुठली आणि टायर कुठला हे ओळखेना. अप्पा मोहरी समजून खात राहिले. शेजाऱ्याला चिवडा फार आवडला.

जिंकणाऱ्याला काय देतात, तर माणसाएवढं लाकडी लंबकाचं घड्याळ. हा फर्निचरच्या कारखान्यांचा मुलूख, त्यातून ट्रॅकच्या मालकानं 1964 पासून ही प्रथा पाडली. जिमी जॉन्सन या ड्रायव्हरनं इथे नऊ वेळा घड्याळ नेलं. अप्पांनी ते ऐकून बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘‘नऊ घड्याळं. बाराच्या ठोक्याला झोपतो कसा?’’

आता शेवटचं. हंगाम संपत आलेला. ही शर्यत झाली की अजिंक्यपदाच्या लढतीत उरलेल्या आठ ड्रायव्हरांतले चार बाद होणार होते आणि उरलेले चार पुढच्या रविवारी फीनिक्सला अजिंक्यपदासाठी लढणार होते. शेजाऱ्याच्या टोपीवर 11 आकडा होता, म्हणजे त्याच्या लाडक्या डेनी हॅम्लिनच्या गाडीचा नंबर. हॅम्लिन व्हर्जिनियाचाच पोरगा. ख्रिस्तोफर बेलला पहिला आल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि तो पहिला चालला होता. हॅम्लिन पाचवा, पुरेसा. त्याच्याशी गुणांची स्पर्धा करणारा रॉस चॅस्टेन दहावा, त्याला दोन जागा कमी पडत होत्या. शेजारी टोपी काढून वारा घेऊ लागला. अप्पा फराळाचे डबे बंद करू लागले.

आणि शेवटच्या वळणांवर, जिथे हजारावा ब्रेक मारायचा, तिथे चॅस्टेननं ब्रेक मारलाच नाही. पाचवा गिअर टाकला, गाडी बाहेरच्या भिंतीला चिकटवली, पाय दाबून धरला आणि स्टिअरिंग जवळजवळ सोडून दिलं. भिंतीनंच त्याला वळवलं. आत सगळे शहाण्यासारखे ब्रेक मारत असताना हा भिंत खरवडत, ठिणग्या उडवत त्यांच्या बाजूनं सुसाट गेला. त्यानं पाच गाड्या मागे टाकल्या, त्यातल्या हॅम्लिनला तर रेषेवर, नाकभर अंतरानं. फेरीची वेळ 18.845 सेकंद. या ट्रॅकवर स्टॉक कारनं इतकी जलद फेरी त्याआधी कधीच मारली नव्हती. बेल जिंकला, घड्याळ घेऊन गेला, पण त्याच्याकडे बघायला कुणी रिकामं नव्हतं.

सगळं स्टेडियम उभं. शेजारी बसलेला, टोपी मांडीवर. अप्पाही बसलेले, पण त्यांचा चेहरा दुखवट्याचा नव्हता, चौकशी समितीचा होता. ‘‘उजवी बाजू पुरती गेली,’’ ते म्हणाले. ‘‘दरवाजा, मडगार्ड, हब, सगळं. ह्याला गाडी कुणी दिली?’’ मी म्हटलं, अप्पा, तो आता अजिंक्यपदाला लढणार. ‘‘लढू दे की. पण मेकॅनिकच्या पोटावर पाय देऊन?’’ मग त्यांनी शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि शंकरपाळ्यांचा डबा उघडून पुढे केला. पार्किंगच्या गवतातून बाहेर पडायला लागलेल्या वेळात तो डबा संपला, आणि दोघांनी चॅस्टेनला आपापल्या भाषेत जे म्हटलं ते मी दोन्ही बाजूंना मुद्दाम पोचवलं नाही.

घरी चिरंजीवांना यात काही नवल वाटलं नाही. ‘‘गेममध्ये असंच करतात, बाबा.’’ चॅस्टेनलाही ही कल्पना लहानपणच्या व्हिडिओ गेमवरूनच सुचली होती, असं त्यानंच सांगितल्याचं नंतर वाचलं.

पुढच्या जानेवारीत नॅसकारनं जाहीर केलं, की यापुढे असं भिंतीवरून जाणाऱ्याला सुरक्षेच्या नियमाखाली दंड होईल. तोवर अप्पा कराडला परतले होते. मी मोठ्या उत्साहानं फोन लावला.

‘‘तीन महिने लावलं?’’ अप्पा म्हणाले. ‘‘आमच्याकडं त्याच सांजंला मेमो गेला असता. बरं, ते जाऊ द्या. गिअरबॉक्स उघडून बघितला का त्यांनी?’’