कॅन्सररोधक जनुक ‘जागं’ करण्याच्या दाव्याबद्दल

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुराचा गाभा असा: प्रत्येक जनुकाला एकच काम असतं, कॅन्सररोधक जनुकं झोपलेली असतात, अमुक काढ्याने ती जागी होतात आणि जितकी जास्त जागी तितकं संरक्षण जास्त. सहाव्या गुणसूत्रावरचं ईईएफ१ई१ हे कॅन्सररोधक जनुक घेऊन तपासू.

‘एकच काम.’ बीडल आणि टेटम यांच्या १९४१ च्या बुरशीवरच्या प्रयोगांतून ‘एक जनुक, एक विकर (एन्झाइम)’ हे सूत्र आलं. शाळेत ते अजून घोकलं जातं. ईईएफ१ई१चं १७४ अमिनो आम्लांचं प्रथिन, एआयएमपी३, मुळात विकर नाहीच. टीआरएनएवर (प्रथिननिर्मितीसाठी अमिनो आम्लं वाहून नेणाऱ्या रेणूंवर) अमिनो आम्लं चढवणाऱ्या विकरांच्या संकुलात ते मेथिओनिन या अमिनो आम्लाच्या विकराला धरून असतं. दुसरं काम पुढे येतंच.

‘झोपलेलं.’ अतिनील किरणांनी डीएनए बिघडला की जीसीएन२ हे कायनेज (फॉस्फेट लावणारं विकर) मेथिओनिनच्या विकरावर ६६२व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट लावतं. विकराची टीआरएनएवरची पकड ढिली होते, प्रथिननिर्मिती मंदावते आणि सुटलेलं एआयएमपी३ केंद्रकात शिरतं. तिथे डीएनएतला बिघाड हेरणाऱ्या एटीएम-एटीआर या विकरांमार्फत पी५३ या कॅन्सररोधक प्रथिनाला चालना मिळते. पेशी विभाजन थांबवते किंवा स्वतःला संपवते. प्रथिन आधीपासून कामावरच असतं, बदलते ती त्याची जागा. म्हणून काढा सोडाच, जनुकाचा आरएनए (त्याची नक्कल) दुप्पट झाल्याचा अहवालसुद्धा प्रथिन केंद्रकात किती पोचलं ते सांगत नाही. त्यासाठी केंद्रक आणि पेशीद्रव्य वेगळं करून वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीने प्रथिन हेरण्याची चाचणी) लागतो. वेगळा केलेला भाग केंद्रकाचाच असल्याची खूण म्हणून हिस्टोन एच३ हे केंद्रकातलं प्रथिन घ्यावं. केंद्रकाच्या अस्तरातलं लॅमिन ए हे प्रथिन नको, कारण एआयएमपी३ त्याचंच प्रमाण बदलतं. अँटिबॉडी मागवताना एआयएमपी३चं नुसतं ‘पी१८’ हे दुसरं नाव लिहू नये. सीडीकेएन२सी या वेगळ्या जनुकाचं प्रथिनही त्याच नावाने ओळखतात आणि तेही पेशीविभाजनाला लगाम घालतं, त्यामुळे चुकीचा निकालही पटण्याजोगा दिसतो!

‘जास्त तितकं चांगलं.’ उंदरांत या जनुकाची एक प्रत काढली की गाठी होण्याचं प्रमाण वाढतं. दोन्ही काढल्या तर भ्रूण जगत नाही. इथवर दाव्याला बळ मिळाल्यासारखं वाटेल. पण ज्या उंदरांत हे प्रथिन जादा बनवलं, ते अकाली म्हातारे झाले, कारण जादा एआयएमपी३मुळे लॅमिन ए नष्ट होऊ लागतं. लॅमिन एच्या जनुकातल्या बिघाडाने मुलांना प्रोजेरिया (अकाली म्हातारपणाचा आजार) होतो. तेव्हा आपल्या काढ्याने हे प्रथिन वाढतं म्हणणाऱ्याने आधी लॅमिन ए शाबूत राहतं का, ते दाखवावं.