चाके घासू नयेत

पाडव्याच्या मुहूर्तावर मी जी जुनी मोटार विकत घेतली, तिच्या इंजिनाविषयी मी एकही प्रश्न विचारला नाही, ही गोष्ट माझे मेव्हणे अजून विसरलेले नाहीत. माझे लक्ष चाकांवर होते. मोटारीचे पहिले मालक चिकोडीकडचे ऊसबागायतदार. एका वर्षी उसाचे बिल वेळेवर हाती पडले, तेव्हा त्या आनंदात त्यांनी मूळची चाके काढून टाकून क्रोमचा मुलामा दिलेली चार चाके बसवून घेतली; पुढच्या वर्षी बिल वेळेवर आले नाही, म्हणून ती चाके मोटारीसकट माझ्याकडे आली.

मी हायस्कुलात मराठी शिकवतो. माझ्यामुळे कोणाचे डोळे दिपल्याची नोंद आजवरच्या नोकरीत कुठेही नाही. बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या बोळात ती मोटार उभी राहिली आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे आमचा दूधवाला किटली खाली ठेवून पुढच्या उजव्या चाकासमोर उकिडवा बसला. त्याने खिशातून कंगवा काढला, भांग पाडला, मान दोन्ही बाजूंना वळवून खात्री करून घेतली आणि मगच आमच्या दाराची बेल वाजवली. पुढे तो रिवाजच पडला. दूध रोज पाच मिनिटे उशिरा येऊ लागले. पण तक्रार करण्याऐवजी मी खिडकीच्या गजांतून तो सोहळा घरच्या कार्यासारखा पाहू लागलो.

आठवडाभरात पुढची दोन चाके काळवंडली. मागची मात्र बरी होती. कोणीतरी मत्सराने काही फासले असावे, असा माझा पहिला संशय होता आणि दोन नावेही मनाशी पक्की झाली होती. परंतु शाळेतल्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांनी तो संशय निष्ठुरपणे दूर केला. ब्रेक दाबला की मोटारीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे थांबवण्याचे बरेचसे काम पुढच्या ब्रेकना करावे लागते, आणि त्यांच्या पॅडची व लोखंडी डिस्कची झिजलेली, तापलेली पूड उडून चाकावर बसते. त्या पुडीतल्या लोखंडाच्या कणांना पाणी लागले की ते गंजतात आणि चाकावर तांबूस ठिपके उठतात. म्हणजे सुरुवातीचा गंज ब्रेकचा असतो आणि बदनामी चाकाची होते. वर्गात अशी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. शिवाय ज्या भागात घरांचे पत्ते पहिले रेल्वे गेट, दुसरे रेल्वे गेट असे सांगितले जातात, त्या भागात ब्रेक न दाबता राहायचे कसे, हाही प्रश्नच आहे.

माझे मूळ गाव खानापूर तालुक्यात, तिथली माती तांबडी. सासुरवाडी अथणीकडे, तिथली माती काळी. एकाच महिन्यात दोन्हीकडे जाऊन आलो की एकाच चाकावर दोन्ही मातींचे थर बसतात आणि कोणाची हद्द कुठे संपते यावर त्यांचे एकमत होत नाही. सीमाभागात जन्म काढलेल्या माणसाला याचे नवल वाटायला नको होते. त्यात जूनपासून आमच्याकडे जी रिपरिप लागते, ती माती धुऊन नेण्याइतकी जोरदार नसते आणि वाळू देण्याइतकी दयाळूही नसते.

मग पाण्याचा प्रश्न आला. आमच्या नळाला राकसकोपच्या जलाशयाचे पाणी येते, पण ते पाळीने येते आणि त्याच्यावर पहिला हक्क स्वयंपाकघराचा असतो. चाकांच्या वाट्याला बोअरचे पाणी आले. ते जड. मी एका रविवारी भर दुपारी चारही चाकांवर त्या पाण्याच्या बादल्या ओतल्या आणि समाधानाने जेवायला गेलो. उठून पाहतो तो पाणी उडून गेले होते, क्षार मागे राहिले होते आणि जिथे जिथे थेंब होता तिथे तिथे एक पांढरे कडे उमटले होते. चाकांना देवी आल्यासारख्या दिसत होत्या.

गणपती तोंडावर आले, पाहुणे येणार होते, म्हणून मी मोटार एका धुलाईच्या ठिकाणी नेली. (ठिकाण सांगत नाही, तिथल्या पोराचा हेतू चांगला होता.) त्याने एका कॅनमधून कसलेसे पाणी मग्यात ओतले आणि मी काही म्हणायच्या आत ते डाव्या मागच्या चाकावर फेकले. चाक नुकतेच धावून आल्यामुळे गरम होते. फस्स असा आवाज झाला, नाकात झोंबणारा धूर निघाला आणि मी विचारले, "अरे, हे काय?" तो म्हणाला, "एनू आगंगिल्ल री, सर." काही होत नाही, हे त्याचे म्हणणे पहिली दोन मिनिटे अगदी खरे होते. काळे सगळे निघून गेले. त्यानंतर मात्र चकाकीही हळूहळू निघून गेली आणि मोतीबिंदू झालेल्या डोळ्यावर येते तशी एक मंद, पिवळसर झाक चाकावर पसरली. दुसऱ्या चाकाकडे वळलेला तो मगा मी अक्षरशः हाताने अडवला. माझ्या उजव्या मनगटावर त्या शौर्याची खूण काही दिवस होती.

उद्यमबागेत फौंड्र्या आणि मशीनशॉप यांच्या गर्दीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे प्लेटिंगचे, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याचे, छोटे युनिट आहे. शाळेत असताना निबंध एका पानाच्या वर कधी न लिहिलेल्या त्या मुलाने चाकाकडे पाहून एका वाक्यात निकाल दिला, "सर, हे कुणी केलं? निम्मं काम माझं फुकटात करून दिलंय की!" जुना क्रोम उतरवायचा असेल तर प्लेटिंगवाले जे हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतात, तेच फरशीच्या ॲसिडच्या नावाने बाजारात मिळते आणि तेच माझ्या चाकावर पडले होते. मी ज्याला डाग समजत होतो तो डाग नव्हताच. वरचा क्रोम गेल्यामुळे उघडा पडलेला तो निकेल होता.

मग त्याने मला स्टुलावर बसवून समजावले, आणि जन्मात पहिल्यांदा मी त्याचा विद्यार्थी झालो. आपण ज्याला क्रोमचे चाक म्हणतो ते आतून साधे ॲल्युमिनियमचे किंवा पोलादाचे असते. त्यावर बहुधा आधी तांब्याचा थर, मग निकेलचा जाडसर थर आणि सगळ्यात वर क्रोमचा. अंग धरून राहते ते निकेल. निकेल काळवंडू नये आणि चरे पडू नयेत म्हणून वर क्रोम. तो वरचा थर किती जाड असतो, असे मी विचारले, तेव्हा त्याने डोक्यावरचा एक केस उपटून माझ्या तळहातावर ठेवला. शोभेच्या कामातला क्रोम साधारण पाव ते अर्ध्या मायक्रॉनचा असतो, म्हणजे त्या केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ. त्यातही डोळ्यांना न दिसणारी छिद्रे आणि भेगा असतातच. क्रोम स्वतः गंजत नाही, पण ओल त्या वाटेने आत शिरते आणि आतला धातू कुजवते, मग वरची पापडी सुटते. बिघडलेला तेवढाच भाग दुरुस्त करून मिळत नाही. सगळे थर उतरवायचे, बफ मारायचा आणि पुन्हा पहिल्यापासून चढवायचे. त्याला खर्च किती येईल हे त्याने सांगितले. ते ऐकून मी विषय बदलला आणि त्याच्या मुलांची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या सहकाऱ्यांनी आणखी एक माहिती दिली, जी चाकाच्या काही कामाची नाही, पण मी भाषेचा माणूस असल्यामुळे सोडवत नाही. १७९७ साली वोक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने सायबेरियातल्या एका तांबड्या खनिजातून क्रोम, म्हणजेच क्रोमियम, हे मूलद्रव्य शोधून काढले आणि त्याची संयुगे नाना रंगांची असतात म्हणून ग्रीक भाषेतल्या रंगवाचक शब्दावरून त्याचे नाव पडले. माणकाचा तांबडेपणा त्याचा, पाचूचा हिरवेपणाही त्याचाच. आणि हाच धातू चाकावर बसला की स्वतःचा रंग न दाखवता समोर येईल त्याचा घेतो. अशी माणसे आमच्या स्टाफरूममध्येही आहेत.

उरलेल्या तीन चाकांसाठी मी त्या प्लेटिंगवाल्या विद्यार्थ्याने घालून दिलेले व्रत स्वीकारले. रविवारी सकाळी, ऊन बोळात शिरण्याआधी, मोटार सावलीत उभी करायची आणि चाकाला हाताची पाठ लावून ते गार झाले आहे याची खात्री करायची. आधी नुसत्या पाण्याने खडे आणि वाळू वाहून जाऊ द्यायची, कारण फडक्यात एक कण अडकला तरी तो चाकभर रेघोट्या ओढतो. मग एका बादलीत मोटारीचा सौम्य शांपू आणि दुसरीत फडके खळबळून घेण्यासाठी स्वच्छ पाणी. चाकाचे फडके बॉडीला लावायचे नाही आणि बॉडीचे चाकाला लावायचे नाही, हे सोवळे कडक. नटांच्या खोबणीत बोट जात नाही, तिथे मुलाचा जुना टूथब्रश. एक चाक पुरते धुऊन, वडिलांच्या जुन्या धोतराच्या तुकड्याने कोरडे करून, मगच दुसऱ्याला हात लावायचा. तांबूस ठिपके राहिलेच तर मुलाच्या डब्यातल्या पोळीभोवतीचा चकाकणारा ॲल्युमिनियमचा कागद चुरगाळून, पाण्यात बुडवून, अगदी हलक्या हाताने फिरवायचा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ असल्यामुळे चरा पडत नाही. काळपट राड तेवढी निघते आणि ती लगेच पुसून घ्यायची. शेवटी मेणाचा एक पातळ हात, म्हणजे पुढच्या आठवड्याची पूड चाकाला न चिकटता मेणाला चिकटते. या सगळ्याला दीड तास लागतो. इतका वेळ मी लग्नानंतर कोणाचेही पाय धुतलेले नाहीत, असे आमच्या घरात बोलले जाते.

आणि तरीही मला खरी भीती धुळीची, पावसाची किंवा ॲसिडची वाटत नाही. मला भीती वाटते ती काथ्याची. आमच्या घरात स्वच्छता म्हणजे घासणे. माझ्या आईने आयुष्यभर पाणी तापवायचा तांब्याचा बंब, देवाची उपकरणी आणि पितळेची पातेली चिंच, राख आणि नारळाच्या शेंडीने लखलखीत ठेवली आहेत, आणि हात दुखेपर्यंत घासलेली वस्तूच स्वच्छ, ही तिची श्रद्धा आहे. तांब्याचे भांडे घासले की खालून तांबेच निघते, म्हणून ती श्रद्धा तिथे फळाला येते. क्रोम घासला की खालून क्रोम निघत नाही, ही गोष्ट तिला पटवून देणे माझ्या कुवतीबाहेरचे आहे. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शाळेतून येतो तो ती पाटावर, पुढच्या उजव्या चाकासमोर, म्हणजे दूधवाल्याच्याच जागी बसलेली. एका हातात शेंडी, शेजारी वाटीत राख.

"आई, थांब! ते तांबं नाही, क्रोम आहे."

"असू दे. काळं पडलंय, जरा घासून काढते."

"घासायचं नसतं त्याला. केसाच्या शंभराव्या भागाएवढा थर आहे तो."

तिने शेंडी खाली ठेवली, माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "एवढं पातळ होतं तर घेतलंस कशाला रे?"

मेव्हण्यांचाही प्रश्न खरे तर हाच होता. त्यांनी तो अधिक शब्दांत विचारला होता.

खंडेनवमीला चारही चाकांखाली लिंबे ठेवायची असतात. मोटार पुढे सरकली की लिंबू फुटते आणि दृष्ट जाते, हे मलाही मान्य आहे. पण फुटलेल्या लिंबाचा रस जातो कुठे, याचा विचार आजवर कोणी केलेला दिसत नाही. आंबट म्हणजे ॲसिड, आणि ॲसिडशी आमच्या मोटारीचे काय झाले आहे ते मी पत्नीला समजावून सांगितले. ती म्हणाली, "अहो, लिंबं नसतील तर पूजा कसली? त्यापेक्षा चाकंच काढून ठेवा." लहान लिंबे, सुकलेली लिंबे आणि प्लास्टिकची लिंबे असे माझे तीन प्रस्ताव क्रमाने फेटाळले गेले. अखेर मी पहाटे उठून केळीची पाने आणली आणि चारही चाकांना सुतळीने पानांची आंगडी बांधली. लिंबे फुटली, रस पानांवर उडाला, नारळाचे पाणी पानांवरून ओघळले, ओले कुंकूही पानांवरच लागले. बोळातल्या लोकांना ती सजावट इतकी आवडली, की समोरच्या काकांनी लगोलग आपल्या स्कूटरला तशीच पाने बांधली आणि हा आमच्या खानापूरकडचा जुना रिवाज आहे का, असे मला आदराने विचारले. मी होय म्हणालो.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पहाटे मी पाने सोडली. तीन चाके लखलखत होती. दूधवाला आला, तेव्हा उजव्या बाजूला मी अजून बादली घेऊन बसलेला होतो, म्हणून तो वळसा घालून डाव्या बाजूने गेला आणि मागच्या चाकासमोर बसला. कंगवा अर्ध्यावर थांबला. बराच वेळ तो त्या पिवळसर चाकात पाहत राहिला.

"सर," तो म्हणाला, "ह्या चाकात मी म्हातारा दिसूलालोय की."

मी बादली उचलली आणि त्याला उजवीकडची जागा करून दिली.