प्रतिस्पर्धी गाडीने गाठता येईल इतका जवळ हवा

परवा गप्पांच्या ओघात एका मित्राने मला विचारले की, घरात मोठा टीव्ही आहे, हीटर चालू आहे, चहा हाताशी आहे, असे असताना पहाटे उठून जाऊन-येऊन सात-आठ तास गाडी चालवायची आणि जिथे एक लाख लोक आपल्या संघाच्या विरोधात ओरडत असतात अशा परक्या मैदानावर सामना पाहायचा, यात तुला नेमके मिळते काय? प्रश्न मनापासून विचारलेला होता आणि मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला, त्यामुळे फुटबॉलचे वेड घेऊनच अमेरिकेत आलो. आमच्याकडे पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की दोन्हीकडचे लोक एकाच शाहू स्टेडियमवर जमत, शिव्याशाप आणि जल्लोष तिथेच होई आणि रात्री सगळे चालत आपापल्या घरी जात. मैदान एकच असल्यामुळे ‘त्यांचे मैदान’ आणि ‘आपले मैदान’ हा भेद मला ठाऊकच नव्हता. २००५ साली मिशिगन विद्यापीठात एम. एस. करण्यासाठी अ‍ॅन आर्बरला आलो, तेव्हा फुटबॉल या नावाखाली हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू हातात धरून खेळायचा एक वेगळाच खेळ समोर आला. पहिले दोन-तीन शनिवार मला त्यातले काही कळले नाही. पण १ लाख ७ हजारांहून अधिक आसनांचे ते स्टेडियम, एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा खेळ पाहायला तुडुंब भरलेले पाहिले आणि मी त्या निळ्या-पिवळ्या रंगाचा झालो तो आजतागायत.

मिशिगनचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे शेजारच्या राज्यातले ओहायो स्टेट विद्यापीठ. दोघांमधला पहिला सामना १८९७ साली झाला. हा सामना एका वर्षी अ‍ॅन आर्बरला आणि पुढच्या वर्षी ओहायो स्टेटच्या कोलंबस शहरात होतो, आणि हंगामातला शेवटचा नियमित सामना म्हणून तो नोव्हेंबरच्या अखेरीस खेळला जातो. या वैराची मुळे खेळाच्याही आधीची आहेत, असे मानणारे पुष्कळ आहेत. १८३५-३६ मध्ये टोलेडो गाव आणि त्याच्या आसपासची पट्टी कोणाची, यावरून ओहायो राज्य आणि तेव्हाचा मिशिगन प्रदेश यांनी एकमेकांवर सैन्ये आणली होती. शेवटी टोलेडो ओहायोला गेले, मिशिगनला उत्तरेकडचा द्वीपकल्प मिळाला आणि १८३७ च्या जानेवारीत मिशिगनला राज्याचा दर्जा मिळाला. अ‍ॅन आर्बरहून कोलंबसला गाडीने जाताना तासाभरात आपण याच टोलेडोतून जातो. पुढे फिंडले, अप्पर सँडस्की, मॅरियन, डेलावेअर अशी गावे लागतात, कापणी झालेली मक्याची आणि सोयाबीनची मोकळी शेते दोन्ही बाजूंना पसरलेली असतात, आणि साधारण तीनशे किलोमीटरनंतर कोलंबस येते. दर मैलाला निळ्या झेंड्यांची घरे कमी होत जातात आणि लाल झेंड्यांची वाढत जातात. आपण दुसऱ्याच्या अंगणात शिरतो आहोत, ही जाणीव विमानाने गेल्यावर होत नाही.

मी कोलंबसला तीनदा गेलो. पहिल्यांदा १८ नोव्हेंबर २००६ रोजी, चार विद्यार्थी मिळून, हीटर धड न चालणाऱ्या एका जुन्या गाडीतून. तो सामना देशातल्या पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघांमधला होता आणि दोघेही तोवर अजिंक्य होते. मिशिगनचे ज्येष्ठ माजी प्रशिक्षक बो शेंबेक्लर यांचे सामन्याच्या आदल्याच दिवशी निधन झाले होते. आम्ही चौघे आमच्या आसनांपर्यंत पोहोचलो तेव्हा मनात भीती होती की आता या परक्या गर्दीत आमच्या माणसाविषयी काय काय ऐकावे लागेल. सामन्यापूर्वी त्यांच्या स्मरणार्थ शांतता पाळण्याचे आवाहन झाले आणि एक लाखाहून अधिक माणसांचे ते लाल स्टेडियम गप्प झाले. माझ्या पुढच्या रांगेत लाल जाकीट घातलेले एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली होती आणि त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. शेंबेक्लर जन्माने ओहायोचे होते आणि ओहायो स्टेटचे प्रशिक्षक वुडी हेज यांच्या हाताखाली त्यांनी तिथेच काम केले होते, हे मला नंतर समजले. त्या क्षणी मला एवढेच दिसले की, ज्या माणसाने या लोकांना वर्षानुवर्षे हरवले, त्याच्यासाठी ते उभे होते. सामना आम्ही ४२-३९ असा हरलो. ती आकडेवारी माझ्या लक्षात आहे, पण त्या हरण्याचे दुःख आता जाणवत नाही. ती शांतता मात्र अजून कानात आहे. टीव्हीवर ती ऐकू आली असती का? आवाज नसणे टीव्हीवर ऐकू येत नाही, असे माझे मत आहे.

दुसऱ्यांदा २०१६ साली गेलो आणि दोन जादा डावांपर्यंत लांबलेला सामना ३०-२७ असा हरून परतलो. परतीच्या वाटेवर टोलेडो येईपर्यंत गाडीत कोणीही बोलले नाही. त्या वेळी माझ्या कार्यालयात शेजारच्या टेबलावर एक कोलंबसचा माणूस बसत असे. सोमवारी सकाळी मी पोहोचलो तेव्हा माझ्या टेबलावर गरम कॉफीचा पेला ठेवलेला होता आणि तो आपल्या कामात मान घालून बसला होता. दिवसभर त्याने सामन्याचा विषय काढला नाही. पुढच्या वर्षीही आम्हीच हरलो आणि त्या सोमवारीही कॉफी होतीच.

२०२२ मध्ये आमच्या संघाने २००० सालानंतर प्रथमच कोलंबसला विजय मिळवला, ४५-२३ असा दणदणीत, आणि त्या वेळी मी नेमका एका लग्नासाठी कोल्हापुरात होतो. रात्री साडेदहाला सुरू झालेला सामना गच्चीवर बसून फोनवर पाहिला. आनंद झाला, पण आपण तिथे नव्हतो ही चुटपुट राहिली, आणि पुढच्या खेपेला काहीही झाले तरी जायचेच असे तेव्हाच ठरवले.

म्हणून ३० नोव्हेंबर २०२४ रोजी मी आणि माझी मुलगी, तेव्हा सोळा वर्षांची, पहाटे साडेचारला घरून निघालो. आमचा संघ त्या वर्षी अगदीच साधारण होता, सहा विजय आणि पाच पराभव. समोरचा संघ देशात दुसऱ्या क्रमांकावर. जाणकार वीसेक गुणांच्या फरकाने हरू असे सांगत होते. मुलीने विचारले, “बाबा, हरणारच असू तर कशाला जायचे?” मी तिला सांगितले की हरणार असू तेव्हा तर गेलेच पाहिजे, कारण जिंकताना संघाला सोबत करणारे पुष्कळ मिळतात. थर्मासमध्ये चहा होता, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. स्टेडियममध्ये फक्त पारदर्शक पिशवी नेता येते, म्हणून डबा वाहनतळावर गाडीतच बसून संपवला. थंडी शून्य अंशाच्या आसपास होती आणि मुलीने जाकिटाच्या आत तीन थर चढवले होते. विद्यापीठाच्या आवारातून चालताना इमारतींवरच्या पाट्यांमधल्या प्रत्येक ‘एम’ अक्षरावर लाल पट्टीची फुली मारलेली होती. या आठवड्यात तिथले विद्यार्थी मिशिगनचे आद्याक्षर दिसू देत नाहीत. मुलगी त्या फुल्या मोजत चालली होती. तिच्या चेहऱ्यावरचा संकोच हळूहळू मावळत गेला आणि तिने जाकिटाची चेन उघडून आतला निळा स्वेटर दिसू दिला.

आमच्या शेजारी ओहायोचे एक वृद्ध जोडपे बसले होते. पहिल्या चरणात आम्ही एकमेकांकडे पाहिलेही नाही. मुलगी कुडकुडते आहे हे पाहून त्या आजींनी न बोलता हात गरम ठेवायची दोन पाकिटे तिच्या हातात दिली, आणि थोड्या वेळाने एका डब्यातून घरी केलेल्या ‘बकआय’ पुढे केल्या. शेंगदाण्याच्या लोण्याची गोळी चॉकलेटमध्ये बुडवून, वरचा थोडा भाग तसाच मोकळा ठेवून ही मिठाई करतात. ओहायोच्या बकआय झाडाच्या बीसारखी ती दिसते, आणि त्याच झाडावरून त्यांच्या संघाला नाव मिळाले आहे. मुलीने दोन खाल्ल्या. त्यांच्या बँडने चालत चालत मैदानावर ‘ओहायो’ हा शब्द इंग्रजी जोडलेल्या अक्षरांच्या वळणात लिहिला आणि शेवटी एका सुसाफोन (अंगाभोवती घ्यायचे मोठे पितळी वाद्य) वादकाने ऐटीत जाऊन ‘आय’वरचा ठिपका दिला, तेव्हा आजी डोळे टिपत होत्या. १९३६ पासून ते हे करत आले आहेत. हा शब्द मैदानावर सर्वांत आधी १९३२ मध्ये मिशिगनच्या बँडने लिहून दाखवला होता, ही गोष्ट आमची माणसे आवर्जून सांगतात, आणि ती खरीही आहे. पण त्या क्षणी ती सांगण्याची इच्छा मला झाली नाही. जे सुंदर आहे ते सुंदर आहे, आणि ते त्यांचे आहे.

१०-१० अशी बरोबरी असताना शेवटच्या मिनिटांत आमच्या केलेल मलिंग्जने २७ यार्डांची धाव घेतली आणि ४५ सेकंद उरलेले असताना डॉमिनिक झवाडाने २१ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला. आम्ही १३-१० असे जिंकलो. मुलगी आणि मी एकमेकांना मिठी मारून उभे होतो आणि आमच्याभोवतीचा लाल समुदाय मुकाट्याने पायऱ्या उतरत होता. आजोबांनी जाताना माझ्याशी हात मिळवला आणि एवढेच म्हणाले की पुढच्या वर्षी आम्ही तुमच्याकडे येऊ.

त्यानंतर मैदानावर जे झाले, ते मला आवडले नाही आणि इथे स्पष्ट लिहायला हवे. आमच्या खेळाडूंनी मैदानाच्या मध्यावर, त्यांच्या बोधचिन्हावर आमचा झेंडा रोवायचा प्रयत्न केला, हाणामारी झाली, पोलिसांनी मिरपूड फवारली आणि नंतर दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड झाला. पाहुण्याने जिंकावे, गावे, नाचावे. यजमानाच्या देवघरात पाय ठेवू नये. माझा संघ असला तरी मी हेच म्हणेन, किंबहुना माझा आहे म्हणूनच म्हणेन.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळे लिहिले, त्याकडे येतो. मिशिगन ज्या ‘बिग टेन’ संघटनेत खेळतो, ती १८९६ मध्ये मध्य-पश्चिमेतल्या शेजारी विद्यापीठांनी उभी केली. शंभर वर्षे तिचा नकाशा साधारणपणे गाडीने जाता येईल असा होता. २०१४ मध्ये मेरीलँड आणि रटगर्स आले, आणि २०२४ मध्ये यूएससी, यूसीएलए, ओरेगन आणि वॉशिंग्टन ही पॅसिफिक किनाऱ्यावरची विद्यापीठे आली. आता सदस्य अठरा आहेत. त्यामागे दूरचित्रवाणीचा पैसा आहे; २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी झालेला करार सात वर्षांसाठी ७०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आमचा संघ वॉशिंग्टन विद्यापीठाशी खेळायला सिअ‍ॅटलला गेला. अ‍ॅन आर्बरहून ते रस्त्याने साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. तिथे स्थायिक झालेल्या माझ्या एका वर्गमित्राला कित्येक वर्षांनी आपला संघ प्रत्यक्ष पाहायला मिळाला, त्याचा आनंद मी फोनवर ऐकला आहे आणि तो खोटा नव्हता. पण अशा सामन्याला प्रेक्षक जातो तो सहल म्हणून, दोन-चार वर्षांतून एकदा, खिशाला परवडले तर. सोमवारी कार्यालयात शेजारच्या टेबलावर सिअ‍ॅटलचा माणूस बसलेला नसतो. त्या विजयाची आणि पराभवाची ऊब किंवा झळ कोणाला लागत नाही.

आणखी एक गोष्ट, ज्यामुळे सामान्य प्रेक्षकाचा प्रवास खरोखर अवघड झाला आहे. पुष्कळशा सामन्यांची वेळ आता बारा दिवस आणि कधी कधी फक्त सहा दिवस आधी जाहीर होते, कारण ती वाहिन्या ठरवतात. सामना दुपारी बाराला आहे की रात्री साडेसातला, हे माहीत नसताना मुक्काम करायचा की नाही, रजा टाकायची की नाही, हे माणसाने ठरवायचे कसे? अशा शनिवार-रविवारी अनेक हॉटेले दोन रात्रींचे भाडे घेतल्याशिवाय खोली देत नाहीत. मलाही एकदा अशाच एका ठिकाणी न राहिलेल्या रात्रीचे पैसे भरावे लागले. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला हे जड नाही. चार विद्यार्थी जुन्या गाडीतून जाणार असतील तर त्यांना आहे, आणि हा खेळ विद्यार्थ्यांचा आहे.

वेस्ट व्हर्जिनिया आणि पिट्सबर्ग ही विद्यापीठे एकमेकांपासून गाडीने दीड तासाच्याही आत आहेत. पण दोघे वेगवेगळ्या संघटनांत गेल्यामुळे २०११ नंतर ते थेट २०२२ मध्येच पुन्हा एकमेकांशी खेळले. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचा सामनाही २०११ नंतर बंद पडला तो २०२४ पर्यंत. त्या वर्षांत जे विद्यार्थी शिकून गेले, त्यांना शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन हरण्याचा किंवा जिंकण्याचा अनुभव मिळालाच नाही, आणि तो त्यांना आता कोणी परत देऊ शकत नाही. मिशिगन-ओहायो स्टेट सामना दरवर्षी होईल अशी तजवीज बिग टेनने ठेवली आहे, याचे मला समाधान आहे. माझी अपेक्षा एवढीच आहे की प्रत्येक संघाला दर हंगामात परक्या मैदानावरचे किमान दोन सामने तरी असे मिळावेत, की जिथे सकाळी निघून रात्री घरी परत येता येईल, आणि त्यांची वेळ उन्हाळ्यातच जाहीर व्हावी.

२०२६ च्या नोव्हेंबरमध्ये, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी, सामना पुन्हा कोलंबसला आहे. मुलगी येणार आहे, तिची एक मैत्रीण येणार आहे, आणि या वेळी त्या आजींसाठी दाण्याचे लाडू न्यायचे असे तिने ठरवले आहे. त्यांच्या जागा तिथेच असतील असे ती धरून चालली आहे. गाडीत एक जागा रिकामी आहे. अ‍ॅन आर्बरजवळच्या कँटन किंवा नोव्हायच्या बाजूला राहणाऱ्या कोणाला यायचे असेल तर मला कळवावे. पहाटे साडेचारला निघणार, चहा माझ्याकडे.