लॉक स्क्रीनवरचं जागावाटप

पाऊस येणार आहे का हे बघायला फोन उघडावा. तेवढ्यात कुणीतरी लग्नाच्या स्टेजवरून पडलेलं दिसावं, मग अस्सल हापूस कसा ओळखावा ते कळावं, मग अनोळखी माणसाच्या अक्कलदाढेचं ऑपरेशन अगदी जवळून बघावं, आणि शेवटी मान वर करावी तर गच्चीतले कपडे निथळत असावेत. हा अनुभव ज्याला नाही तो एकतर संत आहे, नाहीतर त्याच्याकडे अजून बटणांचा फोन आहे.

माझ्या भाच्याकडे यावर इलाज होता. "मामा, लॉक स्क्रीनवर विजेट टाका, म्हणजे माहितीची छोटी चौकट. फोन उघडायलाच नको. नुसतं बघितलं की कळलं!" भाचा पुण्यात आयटीत आहे. त्याला सगळंच 'नुसतं' वाटतं. "नुसतं दाबून धरायचं," एवढं सांगून तो मीटिंगला गेला.

दाबून धरायचं, पण किती वेळ? पटकन सोडलं तर काहीच होत नाही. नको इतकं धरून ठेवलं तर आपलाच हात अवघडतो. बोट जरा डावीकडे सरकलं की कॅमेरा उघडतो. त्या आठवड्यात माझ्या गॅलरीत माझ्याच चपलांचे इतके फोटो जमले की एखाद्याला वाटावं, मी त्या विकायला काढल्यात. आणि बोट खाली गेलं की टॉर्च. घरात टॉर्च लागली तर कुणी काही बोलत नाही. माझी लागली ती आमच्या नाशिकच्या कालिदास कलामंदिरात, ऐन नाटकाला. तिसरी घंटा झालेली, दिवे गेलेले, मोबाइल बंद ठेवण्याची सूचना झालेली. मी आज्ञाधारकपणे फोन सायलेंट करायला काढला आणि काढलाच आहे तर जरा दाबून बघू म्हटलं. पुढच्या रांगेतल्या काकूंच्या अंबाड्यावर लख्ख उजेड पडला. गजरा सुंदर होता. काकू वळल्या आणि पुढचा पहिला अंक मी फोनवर बसून पाहिला.

दुसरी अडचण चेहऱ्याची. लॉक स्क्रीन बदलायची तर फोनला आधी खात्री हवी की हा मालकच आहे. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. पण बारीक अक्षर वाचायला चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान खाली, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी आणि कपाळाला आठ्या, अशा अवताराला घरातलंसुद्धा कुणी ओळख दाखवत नाही, तिथे फोन कुठली दाखवणार! तो पासकोड मागतो. पासकोड टाकला की तो थेट उघडतो. मग तो बंद करा, पुन्हा दाबा, पुन्हा मान वर करून पासपोर्टच्या फोटोसारखा चेहरा करा. शेजारचे काका लिफ्टमध्ये भेटले, म्हणाले, "काय हो, मान धरलीय का?"

माझा फोन कुठल्या गोत्रातला हे मी मुद्दाम सांगत नाही, कारण मग लोक लगेच पक्ष घेतात आणि विषय बाजूला राहतो. एवढं मात्र सांगतो की यात नवं असं काही नाही. अँड्रॉइडने २०१२ साली ४.२ या आवृत्तीत लॉक स्क्रीनवर विजेट दिली होती आणि २०१४ मध्ये पाचव्या आवृत्तीत गुपचूप काढून घेतली. मी म्हणतो, काढलीत ना, मग बास. पण २०२२ मध्ये आयफोनवाल्यांनी आयओएस १६ मध्ये तीच गोष्ट थाटामाटात आणली, आणि मग अँड्रॉइडलाही आपलं जुनं आठवलं. आधी टॅबलेटवर, मग फोनवर, ती परत आली. इतक्या वर्षांच्या या ये-जा प्रकारात मला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा विजेट म्हणजे काय हेही मला माहीत नव्हतं, हे खरं असलं तरी.

शेवटी एका रविवारी फोनला माझा चेहरा पटला. स्क्रीन किंचित आक्रसली आणि खाली बटण आलं. शेजारी एक अधिकचं चिन्हही होतं. विजेट 'टाकायचं' तर अधिक दाबणार ना माणूस? अधिक दाबल्यावर विजेट येत नाही, अख्खी नवी लॉक स्क्रीन येते. सप्तशृंगी गडावरचा आमच्या दोघांचा फोटो गेला आणि तिथे निळी पृथ्वी आली. बायको भाजी निवडत होती, तिची नजर बरोबर गेली.

"माझा फोटो काढलात?"

"काढला नाही. आहे मागे. सरकवला की येतो."

"म्हणजे मी मागे."

इथून पुढे या कामाला कौटुंबिक स्वरूप आलं.

फोटो परत आला, घड्याळाखालची चौकट उघडली, आणि मग कळलं की जागा चारच आहेत. छोटी विजेट चार बसतात, नाहीतर लांबट दोन, नाहीतर एक लांबट आणि दोन छोटी. वर तारखेच्या ओळीत आणखी एकाची सोय होते, पण ते म्हणजे विधान परिषदेवर घेण्यासारखं. मान आहे, जागा नाही. मला माझा पाऊस आणि बॅटरी एवढंच हवं होतं, दोन जागा रिकाम्या राहिल्या असत्या. पण जागा रिकाम्या आहेत ही बातमी फुटली आणि घरातले सगळे इच्छुक जेवणाच्या टेबलावर जमले.

बायकोचा पहिला दावा न्यू जर्सीच्या घड्याळासाठी. तिची बहीण तिकडे असते. तिथली वेळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे आणि हिवाळ्यात साडेदहा. हा मधला एक तास दर वर्षी आमच्या घरात कुणालातरी झोपेतून उठवतो आणि मग दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. दावा सबळ होता. मुलगी म्हणाली, "बाबा, पावलं लावा. दिवसाला किती चालता ते सगळ्यांना कळू दे." यातला 'सगळ्यांना' हा भाग मला तेव्हाच खटकायला हवा होता. आई इतका वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "त्यात चंद्रोदय बसतो का रे?"

संकष्टीचा चंद्रोदय भिंतीवरच्या कॅलेंडरात असतो, गावागावाचा वेगवेगळा असतो, हे आईला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. पण तो भिंगातून वाचावा लागतो आणि त्याच पानावर बायकोने गॅस कधी लावला आणि दूध किती दिवस नव्हतं ते लिहिलेलं असतं. पंचांगाचं अ‍ॅप उतरवून घेतलं, तरी विजेटच्या यादीत ते दिसेना. भाच्याला फोन केला. "मामा, एकदा नुसतं उघडा ते अ‍ॅप, मग दिसेल." उघडलं. अ‍ॅपने ठावठिकाणा विचारला. कुणी ठावठिकाणा विचारला की 'नको' दाबायचं, हे मुलीनेच मला शिकवून ठेवलेलं. 'नको' दाबलं. विजेट आलं. लांबट, दोन जागा खाणारं. आई खूश.

पहिल्याच संकष्टीला घोळ झाला. आईने फोनमधला वेळ बघितला, मग भिंग लावून भिंत बघितली, आणि म्हणाली, "हा चंद्र उशिरा उगवतोय." अ‍ॅपला ठावठिकाणा न कळल्यामुळे त्याने स्वतःच्या अधिकारात मुंबई धरली होती. नाशिक मुंबईच्या पूर्वेला, त्यामुळे चंद्र आपल्याकडे चारेक मिनिटं आधी येतो. चार मिनिटं म्हणजे काहीच नाही असं ज्याला वाटतं त्याने दिवसभर साबुदाण्यावर काढून, समोर झाकलेले मोदक ठेवून, ती काढून दाखवावीत. "मुंबईच्या चंद्रासाठी मी का उपाशी राहू?" आईने विचारलं. या प्रश्नाला नाशिककर म्हणून माझ्याकडे उत्तर नव्हतं. धरणातलं पाणी कुणाचं यावर इथे मोर्चे निघतात, चंद्र तरी आपला आपल्याला मिळायला हवा.

जागावाटपाचा निकाल असा: चंद्र लांबट, न्यू जर्सी छोटं, पावलं छोटी. माझा पाऊस वर तारखेच्या ओळीत गेला. बॅटरीचं तिकीट कापलं गेलं. "तो आकडा कोपऱ्यात असतोच की," असं तिला समजावण्यात आलं.

पाऊस वर गेला तो गेलाच. विजेट दर क्षणाला ताजं होत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बॅटरी वाचावी म्हणून कुणाला दिवसात किती वेळा माहिती आणू द्यायची हे फोनच ठरवतो. त्यामुळे गंगापूर रोडला मी झाडाखाली उभा, अंगावर पाण्याचे लोट आणि हातातल्या काचेवर छोटासा हसरा सूर्य. हिवाळ्यात आणखी निराळं. माझ्या फोनवर १३ अंश, शेजारच्या काकांच्या फोनवर ११. दोघांची अ‍ॅपं वेगळी, अंदाज वेगळे, मधली भिंत एकच. काकांचा दोन अंशांचा तोरा लिफ्टमध्ये मावत नव्हता. नाशिकमध्ये थंडी हा हवामानाचा विषय नाही, अब्रूचा आहे. सकाळी पेपरात निफाडचा आकडा बघितल्याशिवाय इथे स्वेटर घालायचा की नाही ते ठरत नाही. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहावर आला की पंचवटीतला माणूसही जास्त कुडकुडतो. मुलीने माझ्या विजेटमध्ये शहर म्हणून निफाड टाकून दिलं. काका दोन दिवस बोलले नाहीत.

आणि जिथे खरी गरज, तिथे विजेट काय करणार? ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडतात. होळकर पुलाखालून अमुक हजार क्युसेक गेले असे आकडे येतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, हे मी शाळेत शिकलो आणि सातपूरच्या कारखान्यात अजून घनफळंच मोजतो. तरी पंचवीस हजार क्युसेक म्हणजे किती पाणी, हे मला आजही डोळ्यांपुढे आणता येत नाही. आईला एकच प्रश्न विचारायचा असतो, "दुतोंड्या मारुतीला कुठपर्यंत आलं?" गुडघ्याला आलं तर लोक बघायला निघतात. कमरेला आलं की पोलीस बघायला जाऊ देत नाहीत. छातीला आलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारात माल माळ्यावर चढायला लागतो. त्याच्या वर गेलं की घरातले जुने लोक २००८, २०१६, २०१९ अशी वर्षं काढून भांडायला बसतात. रामकुंडाजवळच्या पात्रात उभा राहून दोन्ही दिशांना बघणारा हा मारुती दाबून धरावा लागत नाही, तुमचा चेहरा ओळखत नाही आणि त्याला ठावठिकाणाही लागत नाही. "त्याचं विजेट आहे का?" आईने विचारलं. मुलीने शोधलं. नव्हतं.

हे सगळं मी सोसलं असतं. पण विजेट लॉक स्क्रीनवर असतं, म्हणजे कुलपाच्या बाहेर असतं. मेसेज आले तर मालकाचा चेहरा दिसेपर्यंत झाकून ठेवायची रीत फोनला आहे. विजेट मात्र फोन टेबलावर उताणा पडला की कुणालाही दिसतं. संध्याकाळी सहाला बायको चहा ठेवता ठेवता नुसती मान वळवायची, "आठशे बारा? दिवसभरात?" कामवाल्या मावशी म्हणायच्या, "दादा, माझा तुमच्या घरातच एवढा होतो." पट्टी फोटोवर नेमकी अशी बसली होती की पावलांचा आकडा माझ्या हनुवटीवर यायचा आणि न्यू जर्सी बायकोच्या कपाळावर. येणारा-जाणारा वाकून बघायचा.

कुलूप असताना विजेट झाकण्याची सोय सेटिंगमध्ये आहे म्हणे. भाच्यानेच सांगितलं. "मग ती दिसणार कधी?" "फोन अनलॉक केलात की." म्हणजे फोन न उघडता बघण्यासाठी फोन उघडायचा. हे ऐकल्यावर मी पुढे काही विचारलं नाही.

कहर झाला तो आणायच्या-करायच्या गोष्टींच्या यादीने. बायकोने आणि मी ती सामायिक केली आहे. ती तिकडून लिहिते, माझ्याकडे उमटतं. एके दिवशी मुलीने परस्पर पावलं आणि न्यू जर्सी काढून त्या दोन जागांत लांबट यादी लावली. मी सुटलो असं वाटलं. दुसऱ्या दिवशी कंपनीत पुण्याहून आलेले साहेब बसले होते, फोन टेबलावर उताणा. साहेबांनी सहज खाली बघितलं आणि मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "काही नाही, तुम्ही निघा लवकर आज," म्हणाले. नंतर मी बघितलं. 'मलम आणणे. तेच.' एवढंच लिहिलं होतं. ते आईच्या गुडघ्याचं होतं, पण हे साहेबांना कोण सांगणार?

आता आमच्या मजल्यावर माझा फोन संकष्टीला दुपारपासूनच माझा नसतो. शेजारच्या काकू दार वाजवून वेळ विचारतात. त्यांच्या जाऊबाई जेल रोडहून आईला फोन करतात, तोही माझ्याच फोनवर, कारण तो आईच्या हाताशी असतो. ठावठिकाण्याला मी हो म्हटल्यापासून चंद्र नाशिकचाच आहे. गेल्या संकष्टीला ढग होते, चंद्र दिसायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे सगळी भिस्त फोनवर. मी दूर्वा आणि नारळ आणायला रविवार कारंजाकडे निघालो आणि सवयीने फोन उचलला.

"तो ठेव तिथेच," आई म्हणाली. "नऊ बाराला उगवायचाय."

"अगं, वाटेत काही लागलं तर? कुणाचा फोन आला तर?"

"मी घेईन. आणि काय काय आणायचं ते त्याच्यावरच लिहिलंय, वाचून जा."

मी वाकलो, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला आणि यादी वाचली. खाली बायकोने नुकतंच लिहिलेलं उमटलं: 'चालत जाणे.'