काका, आधी गॅस बंद करा

‘एका दातावरून मुशी (शार्क) ओळखा’ हा फॉरवर्ड काकांनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली विचारलं, ‘माळ्यावरचा मुशीचा जबडा किती वेळ उकळू?’ म्हणून शेवटचा मुद्दा आधी घेतो.

‘जबडा अर्धा तास उकळा, दात चकाचक.’ अहो, मुशीचा जबडा हाडाचा नसतो, कूर्चेचा असतो. आपल्या कानात असते तशी. दात त्यात रुतलेले नसतात, हिरडीच्या चिवट पडद्याने धरलेले असतात. उकळलं की पडदा सुटतो, कूर्चा आक्रसते आणि पातेल्याच्या तळाशी दातांचा ढीग उरतो. वरचा कुठला, खालचा कुठला, पुढचा की कडेचा, काही कळत नाही. आणि ओळख पटते ती त्यावरच. मांस सुरीने खरवडा, थंड पाण्यात भिजवून उरलंसुरलं काढा. पांढरा हवा असेल तर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. मग काड्यांनी ताणून सावलीत वाळवा. ब्लीच नको, ते कूर्चा खातं.

‘त्रिकोणी, करवती दात म्हणजे ग्रेट व्हाइट.’ बुल शार्कचे वरचे दात तसेच असतात. खालचे बघा: बुल शार्कचे अरुंद, टोकदार, ग्रेट व्हाइटचे अरुंद असले तरी करवत ठळक. टायगर शार्कचे वर-खाली सारखेच, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे कललेले, एका बाजूला खोल खाच. गंगा शार्कचेही वरचे दात रुंद आणि करवतीच. खालचे पुढचे मात्र नखासारखे, बुडाशी बारीक उंचवटे. ही मुशी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, आणि २०१६ मध्ये आपल्या ससून डॉकवरच २६६ सेंटिमीटरची मादी नोंदली गेली. वरचा एक दात बघून तिला बुल शार्क ठरवायला कितीसा वेळ लागणार?

‘१ इंच दात म्हणजे १० फूट मुशी.’ ग्रेट व्हाइटच्या वरच्या पुढच्या दातांपुरतं हे ढोबळमानाने जमतं, मान्य. पण कडेचे दात लहान होत जातात, मग मुशीही आखडली का? फ्लोरिडातले जीवाश्म-अभ्यासक व्हिक्टर पेरेझ यांच्या वर्गात मुलांनी एकाच मेगालोडॉनच्या (नामशेष झालेल्या महाकाय मुशीच्या) वेगवेगळ्या दातांवर प्रचलित सूत्रं लावली, तर लांबी ४० पासून १४८ फुटांपर्यंत निघाली. हा अभ्यास २०२१ मध्ये छापून आलाय.

‘काळा दात मेगालोडॉनचाच’: रंग दात ज्या गाळात पुरला गेला त्याचा, जातीचा नव्हे. ‘दातांच्या रांगा म्हणजे वय’: मुशीचे दात जन्मभर पडतात आणि नवे येतात, वय मणक्यांतल्या वलयांवरून काढतात.

फोटो पाठवायचाच तर दोन्ही जबड्यांचा पाठवा, समोरून आणि आतून, शेजारी मोजपट्टी ठेवून.