जवळची गाडी सोडून लांबची का बोलावतात?

चाकण, भोसरी, रांजणगाव या पुण्याजवळच्या औद्योगिक भागांतल्या मालवाहू गाड्यांच्या चालकांमध्ये एक मेसेज फिरतोय : "अर्जंट लोड सेटिंगवर जातात. जवळ उभी गाडी सोडून लांबची बोलावतात. एकदा नाही म्हटलं की नंबर कायमचा मागे. शेवटी कमी भाडं बोलणाऱ्याचीच गाडी लागते." यामागचा राग खरा आहे. गाडीचा हप्ता चालू असताना दिवसभर नाक्यावर उभं राहणं सोपं नसतं. पण दिलेली कारणं बहुतांशी चुकीची आहेत.

आधी जवळ-लांबचं पाहू. डिस्पॅचर, म्हणजे कुठल्या मालाला कुठली गाडी पाठवायची ते ठरवणारा माणूस, घड्याळ बघून गाडी लावतो. भोसरी ते चाकण नकाशावर वीस किलोमीटरच्या आत आहे, पण पाळी सुटायच्या वेळी मोशीपासून पुढे नाशिक महामार्ग तुंबला की ते अंतर फसवतं. त्याहून मोठं गणित पुढच्या प्रवासाचं. चाकण ते बंगळूरजवळचं होसूर साधारण ९०० किलोमीटर. टोल, डिझेल, जेवण धरून भरलेल्या पिकअपला ताशी ४५ ची सरासरी मिळाली तर २० तास लागतात, आणि एकट्या चालकाची झोप धरली तर २७-२८. सुटा भाग उद्या संध्याकाळी कारखान्याच्या उत्पादन लाइनवर हवा असेल, तर दोन चालकांचीच गाडी लागते, मग ती शिरवळला का उभी असेना. सकाळपासून १२ तास चालवून नुकताच आलेला एकटा चालक गेटसमोर असला तरी त्या लोडला उपयोगाचा नाही. कायद्यात कामगारांना दिवसाला ८ तासांची मर्यादा आहे. ती रस्त्यावर किती पाळली जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण अशा थकलेल्या माणसाला रात्रीचं लांब भाडं देणारा डिस्पॅचर त्याच्या जिवाशी खेळतो.

"माल सातशे किलोचा, माझी पासिंग दीड टन, मग मला का नाही?" हाही नेहमीचा प्रश्न. वजन बसतं, माप बसत नाही. १२०० बाय १००० मिलिमीटरचे तीन पॅलेट घ्या. पिकअपचा हौदा रुंदीला साधारण १७०० मिलिमीटर, म्हणजे दोन पॅलेट शेजारी बसत नाहीत. एकामागे एक लावले तर नऊ फुटांत दोनच मावतात. एकावर एक ठेवायचे नसतील तर त्याहून लांब हौद्याची गाडी लागते. डाय (कारखान्यातला जड साचा) क्रेनने वरून उतरणार असेल तर बंद बॉडी चालत नाही.

कागदांचंही तसंच. पीयूसी, विमा किंवा फिटनेसची मुदत संपली की अनेक वाहतूकदारांच्या यादीत गाडी दिसतच नाही, आणि चालकाला वाटतं आपल्याला डावललं. काही कारखान्यांत सेफ्टी शूज आणि चाकाखाली लावायचे ठोकळे नसले तर गाडी गेटवरूनच परत जाते. ऐनवेळी गाडी बदलली तर ई-वे बिलाच्या (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाच्या) भाग 'ब' मध्ये नवा नंबर टाकावा लागतो. म्हणून रात्री दोनला डिस्पॅचर आधी पारखलेल्या चालकाला फोन करतो. बाहेरून ते सेटिंगच दिसतं. पैसे घेऊन लोड देणारे लोक या धंद्यात आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र प्रत्येक हुकलेला लोड त्यांच्या खात्यावर टाकता येत नाही.

नकाराबद्दल : पाच मिनिटांत स्पष्ट "नाही" म्हटलं तर डिस्पॅचर दुसरी गाडी शोधतो, एवढंच. हो म्हणून अर्ध्या तासाने फोन बंद करणं महागात पडतं, कारण तोवर कारखान्याला वेळ कळवलेली असते. काही ठिकाणी होकाराची टक्केवारीही मोजतात. गाडी लावतानाच ते विचारून घ्यावं.

कमी भाड्याचा मुद्दा दलालाच्या बाजारी लोडला लागू पडतो. लाइन बंद पडायच्या बेतात असताना हजार-दोन हजारांसाठी कोणी बेभरवशाची गाडी घेत नाही. तरीही चालक स्वतःच भाडं पाडतात, कारण रिकामे किलोमीटर धरत नाहीत. समजा ३०० किलोमीटरचे ९,००० मिळाले, म्हणजे किलोमीटरला ३०. लोड घ्यायला ६० रिकामे गेलात, परत ३०० रिकामे आलात, की ६६० किलोमीटरला तेच ९,००० : साडेतेरा रुपयांच्या आसपास. भांडायचं ते इथे. हो म्हणण्याआधी नग, मापं, वजन, लोडिंगची वेळ, हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे) कितव्या तासापासून आणि किती, पोच दिल्यावर बाकी कधी, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचं.