आधी मेलेल्यांची नावं घ्या

आज २२ एप्रिल. पहलगामच्या अतिरेकी हल्ल्याला वर्ष झालं. सकाळी आपल्या डाव्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर निवेदनाचा मसुदा आला आणि वाचून डोकंच फिरलं. पहिला परिच्छेद साम्राज्यवादावर, दुसरा सरकारी ढिसाळपणावर, तिसरा गोदी मीडियावर. बैसरनच्या कुरणात धर्म विचारून मारलेली माणसं थेट शेवटी. ‘मृतांना आदरांजली.’ झालं, संपलं!

गेल्या वर्षी अमळनेरात आपण शोकसभा घेतली होती. वक्त्यांचं काश्मीरच्या इतिहासावर चाललेलं. कडेला भाजी विकणारी आक्का मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत ऐकत होती. शेवटी न राहवून मोठ्यानं म्हणाली, “भो, मरेल माणसेस्ना नावे कव्हय लेशात?” मेलेल्या माणसांची नावं कधी घेणार? कुणी लक्ष दिलं नाही. भाषण सुरूच.

कॉम्रेड पानसरेंना २०१५ मध्ये कोल्हापुरात गोळ्या घातल्या, तेव्हा आपण आधी पार्श्वभूमी सांगत बसलो होतो का? मारेकरी पकडा म्हणत रस्त्यावर उतरलो. मग पहलगामला मारले गेलेले महाराष्ट्रातले ते सहा जण आणि तिथला घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह, यांच्या वाट्यालाच प्रस्तावना का?

आणि गडचिरोलीतलं जांभुळखेडा? १ मे २०१९, ऐन महाराष्ट्र दिनी माओवाद्यांनी सुरुंगानं १५ पोलीस आणि त्यांचा ड्रायव्हर उडवला. शेतकरी-मजुरांचीच पोरं पोलीस भरतीला पळतात ना? लाल झेंडा हातात असला म्हणून खून क्रांती होत नाही. हे आपण चौकात, माईकवर बोललं पाहिजे. आपण नाही बोललो की लोक दुसऱ्याच्या सभेला जातात. ती आक्का आता आपल्या सभेकडे मान वर करून बघतसुद्धा नाही.

हो, पहलगामनंतर काश्मिरी विद्यार्थ्यांना त्रास झाला, त्याविरुद्ध बोलायलाच हवं होतं. मान्य.

मसुदा लिहिणारा दादा निष्ठुर नाही, हे मला माहीत आहे. २०१३ च्या धुळ्याच्या दंगलीनंतर तो घरोघर फिरला होता, माणसांजवळ नुसता बसून राहिला होता. दादा, तसंच लिही ना रे! आक्का दुसरं काय मागत होती?

न्यायाचा आपला आग्रहही मग लोकांना पटेल. धुळ्याहून मालेगाव किती लांब? २००६ च्या स्फोटांत आधी पकडलेली मुस्लिम पोरं वर्षानुवर्षं तुरुंगात सडली, २०१६ मध्ये आरोपमुक्त झाली. २००८ च्या स्फोटात सहा माणसं गेली, २०२५ मध्ये सातही आरोपी निर्दोष सुटले. मग मारलं कुणी? भलत्याला पकडलं की खरा मोकळा राहतो, आणि मेलेल्याच्या आईला काहीच मिळत नाही.

संध्याकाळच्या बैठकीत मी दोन ठराव मांडणार आहे: पहलगाम आणि जांभुळखेडा, दोन्हींचा सरळ निषेध, आणि मालेगावचे खरे गुन्हेगार शोधण्याची मागणी. ज्यांचा विरोध असेल त्यांनी ग्रुपवर अंगठे दाखवू नयेत, तिथं येऊन बोलावं.